नाम शेवटी येतं

सातवी ब, पारडीची मनपा शाळा, मार्चमधली सकाळ.
फळ्यावर मी एकच शब्द लिहिते: डॉग.
किती उघडा शब्द आहे बघा, म्हणते,
त्याच्या अंगावर काहीतरी घाला.
कसला कुत्रा? कुठला? काय काय असलेला?

"काळा," प्रज्वल सहारे.
"मोठा काळा," मागचा बाक.
"मोठा काळा चावरा," आणि सगळा वर्ग हसतो,
कारण तो कुत्रा सगळ्यांच्या ओळखीचा.
उड्डाणपुलाच्या खांबाखाली बसतो
आणि सायकलच्या चाकांवर त्याचा खास राग.

मग मी शेपूट लावायला शिकवते.
विथ. विथ अ टॉर्न इअर.
इथे दरवर्षी गाडी अडते.
मराठीत आपण सगळं सामान आधी चढवतो,
फाटक्या कानाचा, खांबाखालचा, इंजेक्शनं घ्यायला लावणारा,
आणि सगळ्यात शेवटी, दमूनभागून, कुत्रा.
इंग्रजीत कुत्रा मधेच उभा,
थोडं त्याच्या पुढे, थोडं त्याच्या मागे.

"म्हणजे कावडीवानी, मॅडम," सानिका निखारे म्हणते.
एकोणीस वर्षं शिकवते आहे,
किती प्रशिक्षणं, किती नाश्त्याची पाकिटं,
हे कुणी सांगितलं नव्हतं.
मी फळ्यावर कावड काढते.
खांद्याच्या जागी डॉग लिहिते.

"मॅडम, ऑरेंज ऑरेंज लिहू का?"
हा प्रश्न नागपुरातच येत असेल.
रंगही तोच, फळही तेच.
लिही, पण तो संत्रा दुसऱ्या संत्र्यांपेक्षा वेगळा कसा, ते सांग.
जुबेर पेन्सिल चावतो, खूप वेळ.
मग: अ लकी ऑरेंज ऑरेंज अंडर द ट्रक.

हिनाचे अब्बू कळमन्यात मिरचीची पोती उचलतात.
तिने लिहिलं, द मॅन विथ अ हुक अँड रेड आइज.
मी समासात लिहिलं, रागावलेत का?
ती वही घेऊन टेबलापाशी आली,
हळूच म्हणाली, "नहीं मॅडम, मिरची."

शेवटच्या बाकावर निशिकांत उईके.
वहीत दोनच शब्द. माय मदर.
पुढे काही नाही, मागे काही नाही, कावड रिकामी.
"वाढव की. कशी आहे? कोणती?"
"एकच हाय न मॅडम."
"अरे, उंच, सावळी, हसरी, काहीतरी असेल ना?"
"हाव. पण कोणती म्हणून विचारायले
दुसरी पाह्यजे न."

पंखा फिरतो, आवाजापुरता.
व्याकरण त्याच्या बाजूने आहे, हे मला कळतं.
विशेषण म्हणजे गर्दीतल्या एकाकडे दाखवलेलं बोट,
आणि त्याच्यापाशी गर्दीच नाही.
पण उत्तरसूचीत छापलंय:
नामाआधी दोन शब्द, नामानंतर किमान तीन,
एकूण गुण चार.
मी शून्य लिहिते.
लाल पेन, खोडता येत नाही.
बराच वेळ त्या शून्याकडे बघते
आणि त्याला खाली शेपूट ओढते.
त्याचा एक होतो.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीनंतर
तो न बोलावता वही आणून ठेवतो.
माय मदर तसंच, हात न लावलेलं.
खाली एक ओळ सोडून, वाकड्या अक्षरांत:
द बिग ब्लॅक डॉग
विथ माय मदर्स रोटी इन हिज माउथ.

मी मोजते. डॉगच्या आधी दोन, डॉगनंतर सात.
आई विशेषणात गेलेली,
कुत्र्याच्या तोंडातल्या पोळीला लागलेली.
"खरंच नेली?"
"अख्खी नेली मॅडम. भाजीसगट."
आणि मग, मी डबा उघडेपर्यंत,
तो तिथेच उभा.